पात्याच्या बुडाशी

मगरेमामांच्या हातात चाकू आला की तो आधी कानाला लागायचा. डोळ्यांची पाळी नंतर. डाव्या कानाजवळ मूठ धरायची, उजव्या अंगठ्याच्या नखानं पातं हळूहळू उघडायचं आणि मान किंचित वाकडी करून ऐकत राहायचं. घडीच्या चाकूच्या मुठीत पाठीकडून एक पोलादी कमान असते. पातं पूर्ण उघडून त्या कमानीवर बसतं, तेव्हा आवाज होतो. काही चाकू कोरडा, स्वच्छ 'टक्' करतात, काही नुसतेच सरकतात. सरकणारा निघाला की मामा तो मिटून तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "हा मुका झाला. पन एके काळी बोलत व्हता बरं."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, प्रयोगशाळेच्या दारात, चाकू कानाला लावून उभे असलेले. जालन्यातल्या एका सळईच्या कारखान्यात मला नोकरी लागून जेमतेम पंधरवडा झाला होता. माझे यजमान जाऊन आठ महिने झाले होते. एम.एस्सी.ची पदवी चौदा वर्षं कपाटात पडून होती, ती बाहेर काढली आणि कामाला लागले. घरी सासूबाई आणि सातवीतली मुलगी. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नसे. भट्टीतून लोखंडाचा नमुना यायचा, तो थंड व्हायचा, मी तो घासून यंत्राखाली धरायचे, कार्बन किती, मँगनीज किती ते लिहायचे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचे आणि संपवायचे. डब्यात काय होतं हे संध्याकाळी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"म्याडम, तुमच्याकडं मोठं करून दाखवनारं भिंग हाय म्हनं," ते म्हणाले. "एवढी अक्षरं वाचून द्या. जल्दी न्हाई. तुमचं काम होऊ द्या."

साठीकडे झुकलेला, काळासावळा, अंगानं बारीक माणूस. डोक्यावर पिवळं हेल्मेट, त्याखाली कपाळाला बांधलेला रुमाल. चाकू तीन इंचांचा असेल. पात्याच्या बुडाशी, जिथे ते मुठीत शिरतं तिथे, झिजलेली अक्षरं होती. मी भिंगाखाली धरून एकेक अक्षर वाचलं. शेफील्ड. इंग्लंडमधलं गाव आहे, मी म्हणाले.

"मंग बराबर. कमान तिकडचीच वाटली मला." त्यांनी चाकू परत घेतला, सदऱ्याला पुसायला गेले आणि थांबले. "पुसू नये. गंज बी साक्षीदार असतो."

आणि निघून गेले. त्या महिन्यात माझ्या लक्षात राहिलेलं हे एकच बोलणं.

त्यांचं नाव दादाराव मगरे. मूळ गाव मंठा तालुक्यातलं, पण तीस वर्षं कारखान्यामागच्या वस्तीत राहत होते. शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठीत. कारखान्यात ते भंगाराच्या यार्डात छाननीला होते. आमच्याकडे भंगार कुठून कुठून यायचं. मराठवाड्यातल्या मोडक्या नांगरांपासून ते समुद्रापलीकडून आलेल्या मोटारींच्या आणि यंत्रांच्या चुऱ्यापर्यंत. त्या ढिगातून बंद नळकांडी, गॅसच्या टाक्या, तोंड मिटलेले पाइप शोधून बाजूला काढायचे, हे मामांचं काम. असं काही भट्टीत गेलं तर आतली हवा फुगून स्फोट होतो आणि वितळलेलं लोखंड माणसांवर उडतं. एकदा मी नमुना घ्यायला यार्डापाशी गेले असताना त्यांनी क्रेनच्या चुंबकाला चिकटून वर चाललेला भंगाराचा अख्खा घास हात हलवून खाली उतरवायला लावला होता. क्रेनवाला वरून शिव्या देत होता. मामांनी त्या गोळ्यातून मोटरसायकलचा एक जुना, तोंडबंद शॉकॲबसॉर्बर उपसून काढला, क्रेनवाल्याला दाखवला आणि दुसरीकडे टाकला. क्रेनवाला खाली उतरून त्यांच्यासाठी चहा घेऊन आला.

त्याच छाननीत चाकू सापडायचे. कुणाच्या तरी कोटाच्या खिशात राहिलेले, गाडीच्या डिकीत विसरलेले, कारखान्याच्या खणात पडलेले. कारखाना सुरू केला त्या मोठ्या शेठनी मामांना तोंडी परवानगी दिली होती: चाकू न्या, पण तेवढं लोखंड टाका. मामांनी हे शब्द इतके मनावर घेतले की घरून येताना त्यांच्या खिशात कायम रस्त्यावरचे नटबोल्ट, घोड्याची नाल, सायकलच्या साखळीचा तुकडा असं काहीतरी असायचं. चाकू सापडला की एका हातात चाकू आणि दुसऱ्या हातात ते लोखंड घेऊन ते दोन्ही तळवे वरखाली करून बघायचे आणि लोखंड ढिगावर टाकायचे. बहुतेक वेळा लोखंड जास्तच असायचं.

पुढे ते आठवड्यातून एकदोनदा येऊ लागले. 'म्याडम'चं 'ताई' झालं. मी अक्षरं वाचून द्यायचे, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर शोधायचे आणि ते स्टुलावर बसून वाट बघायचे. एक वही आणली होती त्यांनी, लाल पुठ्ठ्याची. त्यात मी प्रत्येक चाकूला क्रमांक द्यायचे, बुडावरची अक्षरं जशीच्या तशी इंग्रजीत लिहायचे, खाली मराठीत मूठ कशाची, पाती किती, खिळे कसे. शेवटी मामा काय म्हणाले तेही एका ओळीत. ते म्हणायचे, "लिहा ताई, माझं चुकलं तर चुकलं म्हनून बी लिहा."

पण ते फार चुकायचे नाहीत. एकदा एक विचित्र चाकू आला. एका बाजूला आखूड, सरळ पातं, आणि दुसऱ्या टोकाला हाडाची चपटी, बोथट जीभ. मी दोन दिवस मोबाइलवर शोधत होते. पत्र उघडायची असेल, औषध मिसळायची असेल, असे माझे तर्क चाललेले. तिसऱ्या दिवशी मामांना दाखवला. ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"ताई, हा डोळा भरायचा चाकू, कलमाचा. माझा बाप मोसंबीच्या बागंत डोळे भरायला जायचा. पात्यानं खुंटाला चीर द्यायची, अन् ह्या हाडानं साल उचलायची. लोखंड लावलं तर साल काळी पडती, म्हनून हाड." त्यांनी हवेत चीर दिली, साल उचलली, डोळा बसवला. "आमच्या बापाकडं हाड न्हवतं. तो अंगठ्याचं नख वाढवायचा."

मी मोबाइलवर तसा शोध घेतला. बरोबर तोच निघाला. इतक्या दूरच्या देशातली झाडं आणि मंठ्याकडची मोसंबी, दोन्हींची साल एकाच पद्धतीनं उचलतात, याचं मला त्या दुपारी थोडं नवल वाटलं. थोडं काहीतरी वाटलं, हेच मला नवीन होतं.

चाकू ओळखायचे त्यांचे नियम ठरलेले होते. मुठीवर विश्वास ठेवायचा नाही, मूठ बदलता येते. पात्याच्या आकारावर ठेवायचा नाही, धार लावून लावून आकार जातो. खिळे बघायचे, कमान ऐकायची आणि शेवटी बूड वाचायचं. हाडाच्या मुठीला बारीक काळी छिद्रं असतात, नकली मुठीला नसतात. तरी शंका आली तर सुई तापवून आतल्या बाजूला टेकवायची, प्लॅस्टिक असेल तर लगेच वास येतो. जालन्यातल्या मस्तगड भागात एका जुन्या सामानाच्या दुकानात आम्ही एकदा गेलो होतो. दुकानदारानं सांबरशिंगाच्या मुठीचा एक चाकू काढला आणि शंभर वर्षांचा, साहेबाच्या काळातला म्हणून खूप वाखाणला. मामांनी कानाला लावला, खिळ्यांवरून नख फिरवलं आणि अदबीनं परत दिला.

बाहेर आल्यावर म्हणाले, "पातं जुनं, खिळे नवे. म्हंजे दुसरं लगीन. दुसऱ्या लग्नात वाईट काई न्हाई, पन पयलं म्हनून सांगू नये."

एका बाबतीत मात्र ते कडक होते. खटका दाबला की उघडणारे, लांब पात्याचे, मारामारीचे चाकू सापडले तर ते हातात न ठेवता तसेच ढिगावर फेकायचे. त्यातला एक तर खूप देखणा होता, पितळी मुठीचा, माशाच्या आकाराचा. मी म्हटलं, मामा, हा तरी ठेवा, जुना दिसतोय. ते म्हणाले, "न्हाई. कांदा कापायचा, दोरी कापायचा, कलम करायचा, पेन्सलीला टोक काढायचा, ते समदे माझे. हा ज्यानं घेतला त्यानं मानसासाठी घेतला. बिलकुल नको."

असं जवळपास तीन वर्षं चाललं. वहीत एकशे त्रेचाळीस चाकू झाले. प्रत्येक चाकू सुती चिंधीत गुंडाळलेला, चिंधीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर माझ्या अक्षरातला क्रमांक. सगळे त्यांच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत होते. मी ती पेटी कधी पाहिली नव्हती. त्यांच्या घरी मी कधी गेलेच नव्हते. त्यांनी बोलावलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात पाण्याची फार टंचाई होती. वस्तीत टँकर यायचा. एका दुपारी टँकरच्या पाइपावरून दोन घरांत भांडण झालं आणि एका तरण्या माणसाच्या पोटात चाकू लागला. तो दवाखान्यात पोचायच्या आत गेला. मारणारा पळून गेला. पोलिसांनी घरं तपासायला सुरुवात केली तेव्हा कुणीतरी सांगितलं, मगऱ्याच्या घरी पेटीभर चाकू आहेत.

मला हे दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर कळलं. गावातल्या बातम्यांच्या एका ग्रुपवर फोटो आला होता. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर ओळीनं मांडलेले चाकू, मागे उभे पोलिस. समोर जमिनीवर बसवलेला एक माणूस, तोंडावर टॉवेल. खाली लिहिलं होतं, शस्त्रसाठा जप्त. मी फोटो मोठा करून पाहिला. तिसऱ्या ओळीत डोळा भरायचा चाकू होता. चिंध्या आणि चिठ्ठ्या दिसत नव्हत्या. टॉवेलाखालून बाहेर आलेले हात मी ओळखले. मग भट्टीवरून नमुना आला आणि मी तो घासायला घेतला.

अकराच्या सुमाराला मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. ते तसे वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, एवढं आठवतं.

"वैशाली मॅडम, पोलिस आलेत. बाजूच्या खोलीत बसलेत. त्या मगरेच्या घरी एक वही सापडली, त्यात इंग्रजी लिहिलंय. तो म्हणतो अक्षर माझंच आहे. चौथी शिकलेला माणूस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपल्याकडच्या कुणाला त्यातलं काही माहीत आहे का, असं विचारत होते. तुम्हाला काही माहीत आहे?"

मी उभी होते. भिंतीपलीकडे कपबशीचा आवाज झाला.

"माहीत नसेल तर बरं," साहेब म्हणाले. "तुमच्या घरी मुलगी आहे, म्हातारं माणूस आहे. असल्या वस्तीतल्या भानगडी. आपण कशाला पडायचं?"

मी म्हणाले, "नाही."

एवढंच. प्रयोगशाळेत परत आले. मला वाटलं होतं की असं काही केल्यावर माणसाला काहीतरी होत असेल. मी डबा खाल्ला.

पुढचं मला क्रेनवाल्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. ठाण्यात मामांना कागद-पेन दिलं आणि म्हणाले, तुझं अक्षर ना, मग लिहून दाखव इंग्रजी. मामांनी लिहून दाखवलं. मी वाचून दिलेली, त्यांनी तीन वर्षं भिंगातून बघितलेली सहासात नावं त्यांना आकारासकट पाठ होती. एकेक अक्षर चित्र काढल्यासारखं त्यांनी कागदावर उतरवलं. ते बघून तिथले लोक हसले म्हणे, पण अक्षराचा प्रश्न तिथेच मिटला. पाचव्या दिवशी खरा मारेकरी परतूरला नातेवाइकाकडे सापडला. त्याच्याकडचा चाकू साधा, भाजी चिरायचा होता. मामांना सोडून दिलं. पेटी मात्र तपास संपेपर्यंत ठाण्यातच राहिली.

ते सहाव्या दिवशी कामावर आले तर गेटवर त्यांना अडवलं. कारखान्याचा माल बाहेर नेला, असं कारण होतं. परवानगी देणारे मोठे शेठ दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले, माणसं ओळखत नव्हते. धाकट्या मालकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मामांनी वाद घातला नाही. हेल्मेट काढून वॉचमनच्या हातात दिलं आणि गेले. मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघत होते. ते प्रत्येक चाकूपोटी लोखंड टाकतात हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. खाली उतरून गेटवर जाऊन सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. ती मी खिडकीतच उभी राहून घालवली.

वस्तीतली खोली सोडून ते नवराबायको मंठ्याकडे गावी गेले. यार्डात छाननीला दुसरा माणूस आला. मी रोज नमुने तपासत राहिले. मुलगी दहावीत गेली.

जवळपास एक वर्षानं त्यांचा फोन आला. "ताई, मगरे बोलून राह्यलो. माल वापस भेटला. एकदा येता का, बघायला?"

मी रविवारी एस.टी.नं गेले. मंठ्याला उतरून पुढे रिक्षानं. दोन खोल्यांचं, पत्र्याचं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि आत निघून गेल्या. मामा आणखी वाळले होते. पण स्वर तसाच होता.

मी वाटभर एक वाक्य जुळवत आले होते. "मामा, त्या दिवशी मी..."

"ताई, हे बघा आधी," ते म्हणाले आणि त्यांनी पेटी उघडली.

आत चाकू चमकत होते. सगळे. नव्या भांड्यांच्या दुकानात असावेत तसे. मी एक उचलला, दुसरा उचलला. ठाण्यातल्या कुणीतरी, माल गंजलेला परत दिला तर तक्रार येईल म्हणून, सगळे चाकू धारवाल्याकडे पाठवून चाकावर घासून, पॉलिश करून आणले होते. मुठींची सालं गेली होती. पात्यांच्या बुडाशी बोट फिरवलं तर गुळगुळीत लागत होतं. कुठे एखादी रेघ, कुठे अर्धं अक्षर. चिंध्या नव्हत्या, चिठ्ठ्या नव्हत्या. वही मिळालीच नाही.

"चांगल्या मनानंच केलं असंल," मामा म्हणाले. "देताना तो पोलिस म्हनला, बघा मामा, कशे नव्यावानी करून दिलेत. त्याला चहा पाजला म्या."

"थोडे तरी ओळखता येतील," मी म्हणाले. "आकारावरून, खिळ्यांवरून. पुन्हा यादी करू."

त्यांनी मान हलवली. "म्या बसलो व्हतो दोन दिवस. डोळा भरायचा वळखला, आनखी चारपाच. बाकीचे समदे एका आईचे झाले. नाव गेलं, ताई. नाव गेलं की मंग लोखंड." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "लोखंड आपलं न्हाई. ते कारखान्याचं. मला आत सोडत न्हाईत. तुम्ही तेवढं भट्टीत टाकता का?"

मी म्हटलं, डोळा भरायचा तरी ठेवा. ते म्हणाले, "एक ठिवला तर बाकीच्यांची आठवन येत राहती."

मी हो म्हणाले. त्यांच्याशी नाही म्हणायची मला हिंमत नव्हती आणि माझं वाक्य पेटी उघडण्याआधीच राहून गेलं होतं. निघताना त्यांनी रिक्षापर्यंत चाकूंची पिशवी उचलून आणली. "पायावर पडू देऊ नका," म्हणाले, "वजन हाय."

चाकू मी डब्याच्या पिशवीतून चार दिवसांत आत नेले. आमच्या गेटवर बाहेर जाणाऱ्यांच्या पिशव्या बघतात, आत येणाऱ्यांच्या बघत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत यार्डाकडे जायचे आणि भट्टीत जाणाऱ्या घमेल्यात पिशवी उलटी करायचे. क्रेनवाल्यानं पहिल्या दिवशी वरून पाहिलं. त्यानं क्रेन थांबवून ठेवली, मी बाजूला होईपर्यंत. मग दुपारी त्या भट्टीचा नमुना माझ्याकडे यायचा. मी घासायचे, यंत्राखाली धरायचे. कार्बन, मँगनीज, गंधक, सगळं मर्यादेत होतं. चारही दिवस मी अहवालावर सही केली. त्या लोखंडाच्या सळया झाल्या आणि ट्रकमधून कुठे कुठे गेल्या.

मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. मोकळं झालं." मग म्हणाले, मोसंबीच्या एका बागेत डोळे भरायला जाऊन राह्यलोय, बापाचं काम हाताला आठवतं अजून. मालकानं दुकानातून नवा चाकू आणून दिलाय. कसा आहे, मी विचारलं. "कापतो," ते म्हणाले.

आणखी नऊ महिन्यांनी, हिवाळ्यात, क्रेनवाला प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. मामा बागेत काम करता करता बसले आणि उठलेच नाहीत. चार दिवस होऊन गेले होते.

मी रजा टाकून गेले. सुमनबाई अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर उभी राहिले. ज्याला सांगायचं तो राहिला नव्हता, तरी ते वाक्य घेऊनच मी आले होते. उभ्या उभ्याच सांगितलं. वहीतलं अक्षर माझं होतं. पोलिस आले तेव्हा मी बाजूच्याच खोलीत होते. मला विचारलं आणि मी नाही म्हणाले. गेटवर अडवलं तेव्हाही मी बघत होते.

त्यांचे हात थांबले नाहीत.

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "ठान्यात भेटायला गेल्ते तवाच सांगितलं त्यांनी. म्या म्हनलं, मंग त्या बाईचं नाव सांगा अन् सुटा की. तर म्हनले, न्हाई. म्हनले, तिचं घर तिच्या एकटीवर उभं हाय, अन् ती आत्ता कुठं बोलाया लागली. म्हनले, तिला काई विचारायचं न्हाई, कवाच." त्यांनी शेंग मोडली, दाणे पाटीत टाकले. "लई राग केला म्या तुमचा. तुम्ही आल्ता तवा पानी दिलं, पन मनात म्हनत व्हते, ठसका लागो."

पुढची शेंग सोलून त्यांनी टरफल बाजूला टाकलं.

"आता राग बी येत न्हाई," त्या म्हणाल्या. "रडू बी न्हाई. लोकं म्हनत्यात रडून घे, रडून घे. कुठून आनू?"

"मलाही येत नाही," मी म्हणाले. "पुष्कळ वर्षं झाली."

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली अंथरलेलं पोतं थोडं बाजूला सरकवून माझ्यासाठी जागा केली, "बसा," म्हणाल्या, आणि शेंगांचा अर्धा ढीग हातानं माझ्याकडे लोटला.

मी बसले. मंठ्याहून शेवटची एस.टी. संध्याकाळी होती, तिला अजून तीन तास होते. आम्ही सोलत राहिलो. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा ढीग संपला. सुमनबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या आणि शेंगांची दुसरी पाटी आणून त्यांनी ती आमच्या दोघींच्या मधे ओतली.